माध्यमिक शाळेत व्यवसाय शिक्षण चालवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि जिल्ह्याच्या तालुक्यांतील शाळांमधून मुख्याध्यापक, प्रशिक्षक, संस्थाचालक आणि पालक आम्हांला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे या पानावर एकत्र दिली आहेत. सुरुवातीला प्राथमिक शंका आणि पुढे अडचणीचे, अपवादात्मक प्रसंग असा क्रम ठेवला आहे. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे विस्ताराने आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्यवसाय शिक्षण, कार्यानुभव आणि आयटीआय हे सगळे एकच आहे का?

नाही. कार्यानुभव हा वेळापत्रकातील जुना विषय आहे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) त्याची शिफारस करताना प्रत्यक्ष उत्पादक कामाची कल्पना मांडली होती, परंतु बहुतेक शाळांत तो कागदी फुले आणि शोभेच्या वस्तू यांवर येऊन थांबला. आयटीआय ही शाळेनंतरची पूर्णवेळ प्रशिक्षण संस्था आहे. तेथे बहुतेक व्यवसायांना दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि वेल्डरसारख्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण चालते.

हे पान ज्या व्यवसाय शिक्षणाविषयी आहे, ते नववी ते बारावीत गणित, विज्ञान, भाषा यांच्याबरोबरीने शिकवले जाते. त्याला ठरलेला पाठ्यक्रम, प्रशिक्षक, प्रात्यक्षिक परीक्षा आणि गुणपत्रिकेवर जागा असते. डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झालेला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, म्हणजे आपण ज्याला एनएसक्यूएफ म्हणतो तो, त्याचा आधार आहे. मूळ आराखड्यात दहा पातळ्या होत्या आणि २०२३ च्या सुधारणेनंतर त्या आठ झाल्या. त्यामुळे जुन्या पुस्तिकेतील पातळीचा क्रमांक पाहून पालकांना काही सांगण्यापूर्वी चालू वर्षाची पुस्तिका पाहावी.

२. मुलांना याची सुरुवात कोणत्या इयत्तेत करून द्यावी?

परीक्षेचा विषय म्हणून नववीत, परंतु हाताला सवय त्याआधी लावावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या काळात त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांसोबत काम करावे, असे सुचवले आहे. हे दहा दिवस सहलीसारखे घालवू नयेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. पाबळ येथील विज्ञान आश्रमाने, म्हणजे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यात सुरू केलेल्या संस्थेने, आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा कार्यक्रम उभा केला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चारही विभागांत प्रत्येक मूल आठवड्यातील एक दिवस काम करते. चौदा वर्षांच्या मुलाला एकाच व्यवसायात बांधून ठेवण्याऐवजी अनेक कामांची चव देणे, हा त्यामागचा विचार आम्हांला आजही योग्य वाटतो.

३. हा विषय अभ्यासात कच्च्या असलेल्या मुलांसाठीच असतो ना? आमच्या हुशार मुलांना तो का द्यावा?

हा प्रश्न आम्हांला सर्वांत जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा तो वेगळ्या शब्दांत येतो: ‘ड तुकडीला देऊ का?’ आमचे उत्तर स्पष्ट आहे. तुकडी पाहून हा विषय देऊ नये. ज्या शाळेत तो एका तुकडीवर लादला जातो, तेथे वर्षभरात ती तुकडी ‘नळवाल्यांची’ ठरते, मुले खाली मान घालून कार्यशाळेत येतात आणि प्रशिक्षकाचा अर्धा वेळ त्यांचा आत्मविश्वास परत मिळवून देण्यात जातो.

कार्यशाळेत प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. पाया आखताना गवंडी एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून खुणा करतो आणि दोन खुणांमधले अंतर पाच फूट भरले की काटकोन बरोबर आला असे मानतो. फळ्यावरचे पायथागोरसचे प्रमेय ज्या मुलाला दोन वर्षे उमगले नव्हते, त्याला ते मैदानावर चुन्याची फक्की टाकताना दहा मिनिटांत उमगल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे. याच्या उलटही घडते. विज्ञानात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलगी समांतर जोडणीची आकृती बिनचूक काढते, पण बोर्डावर दोन दिवे तशा पद्धतीने जोडताना अडखळते आणि ती जोडणी जमल्यावर तिला आकृतीचाही अर्थ नव्याने कळतो. दोघांनाही कार्यशाळेची गरज सारखीच आहे.

वर उल्लेखलेल्या धोरणातच दिलेली आकडेवारी सांगण्यासारखी आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार भारतातील १९ ते २४ वयोगटातील कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहूनही कमी होते, तर हेच प्रमाण जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. पालकसभेत हे आकडे सांगितले, तर ‘आमच्या मुलाला मेकॅनिक करायचे नाही’ या वाक्यावर तरी शांतपणे बोलणे सुरू होते.

४. आमच्या शाळेने कोणता विषय घ्यावा?

ज्या विषयाचा प्रशिक्षक टिकेल, ज्याचा कच्चा माल जवळ मिळेल आणि ज्याची प्रत्यक्ष कामे मुलांना शाळेपासून अर्ध्या तासाच्या अंतरात पाहता येतील, तो विषय घ्यावा. नावाच्या आकर्षणाला भुलू नये. भोसरी, चाकण, तळेगाव परिसरातील शाळेला ऑटोमोटिव्ह विषय सहज पेलतो, कारण आसपास वाहने आणि सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत आणि मुलांचे पालकही तेथे कामाला असतात. जुन्नर, आंबेगाव, पुरंदर या तालुक्यांत शेतीचा विषय सोडून दुसरीकडे जाण्याचे कारण बहुधा नसते. शहरात आरोग्यसेवा, रिटेल, माहिती तंत्रज्ञान, पर्यटन आणि सौंदर्यसेवा या विषयांना मागणी असते.

काय घ्यावे हे ठरत नसेल, तर मल्टी स्किल फाउंडेशन कोर्सचा विचार आधी करावा. त्यात अनेक प्रकारचे काम असल्यामुळे मुलाची आवड कळते आणि एखाद्या भागाची साधने उशिरा आली तरी वर्ष वाया जात नाही.

संगणकाविषयी एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते. माहिती तंत्रज्ञान हा विषय पुष्कळ शाळा केवळ संगणक कक्ष आयता आहे म्हणून घेतात. त्या कक्षात चालू स्थितीतील संगणक किती, हे मोजून मगच निर्णय घ्यावा. एका संगणकाभोवती पाच मुले उभी असतील, तर त्यांपैकी चार जण प्रेक्षक असतात.

५. मान्यता कोणाकडून घ्यायची आणि पाठ्यपुस्तके कोठून मिळतात?

राज्य मंडळाच्या शासकीय आणि पात्र अनुदानित शाळांत ही योजना समग्र शिक्षा अभियानातून येते. शाळेचा प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षण विभागामार्फत राज्याकडे जातो आणि तेथून तो केंद्राच्या वार्षिक आराखड्यात मंजुरीसाठी ठेवला जातो. त्यामुळे जूनमध्ये मनात आणले आणि जुलैमध्ये वर्ग सुरू झाला, असे येथे होत नाही. एक शैक्षणिक वर्ष आधी तयारी धरावी आणि यूडायस या शाळांच्या शासकीय माहितीसंचातील आपल्या शाळेची माहिती अद्ययावत ठेवावी. केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळांनी आपल्या मंडळाकडे स्वतंत्र अर्ज करावयाचा असतो.

पाठ्यक्रम आणि विद्यार्थी पुस्तिका एनसीईआरटीच्या भोपाळ येथील पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने तयार केलेल्या आहेत आणि त्या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. शाळा स्वतःच्या खर्चाने, मंडळाच्या मान्यतेशिवायही असा वर्ग चालवू शकते, मात्र त्याचे प्रमाणपत्र शाळेचे आहे, मंडळाचे नाही, हे प्रवेशाच्या वेळीच पालकांना लेखी सांगावे.

६. दहावीला हा विषय कशाऐवजी घेतात? नापास झाल्यास काय होते?

राज्य मंडळात हा विषय साधारणपणे एका भाषेऐवजी घेतला जातो. येथे पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी: ज्या भाषेऐवजी तो घेतला, ती भाषा मुलाच्या गुणपत्रिकेवर येत नाही. कोणती भाषा सोडायची हे पालकांसमोर बसून ठरवावे आणि त्यावर त्यांची सही घ्यावी. आम्ही पाहिलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी ‘आम्हांला कोणी सांगितलेच नाही’ एवढ्या एका वाक्यातून उद्‌भवल्या होत्या.

केंद्रीय मंडळात पद्धत वेगळी आहे. तेथे नववी-दहावीचा कौशल्य विषय लेखी ५० आणि प्रात्यक्षिक व अंतर्गत ५० अशा १०० गुणांचा असतो, तर अकरावी-बारावीत ही विभागणी बहुतेक विषयांत ६० आणि ४० अशी होते. दहावीला तो सहावा विषय म्हणून घेतला असेल आणि विद्यार्थी गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एका विषयात अनुत्तीर्ण झाला, तर त्या विषयाची जागा उत्तीर्ण झालेला कौशल्य विषय घेतो. ही सवलत चांगली आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवून गणित सोडून देणाऱ्या मुलाला पुढे अभियांत्रिकी पदविकेचा रस्ता बंद होऊ शकतो. याविषयी प्रश्न १६ पाहावा.

७. वेळापत्रकात या विषयाला तास कोठून काढायचे?

खरी परीक्षा येथेच होते. पस्तीस मिनिटांच्या सुट्या तासिकेत प्रात्यक्षिक होऊ शकत नाही. मुले कार्यशाळेत पोहोचून हजेरी देईपर्यंत आठ मिनिटे जातात, साधने वाटण्यात पाच जातात आणि शेवटी आवराआवरीला दहा लागतात. उरलेल्या वेळात पट्टी धरून पत्र्यावर रेघ मारण्यापलीकडे काही होत नाही. म्हणून प्रात्यक्षिकासाठी जोडतासच ठेवावा, शक्य असल्यास तीन तासिका सलग ठेवाव्यात आणि त्या मधल्या सुट्टीच्या आधी किंवा शाळा सुटण्यापूर्वी याव्यात, म्हणजे काम थोडे लांबले तरी पुढच्या शिक्षकाचा वर्ग बिघडत नाही.

पेठांतील पुष्कळ शाळा दोन सत्रांत भरतात. तेथे सकाळच्या सत्रातील मुलांनी सांडलेला भुसा दुपारच्या वर्गाला झाडावा लागतो आणि भांडणे होतात. अशा ठिकाणी सत्र संपताना पंधरा मिनिटे सफाईसाठी वेळापत्रकातच लिहून टाकावीत. सफाई हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे. आपली जागा झाडून, कानस आणि करवत पुसून जागेवर ठेवणे ज्याला येत नाही, त्याला काम आले असे आम्ही मानत नाही.

वर्षाचे नियोजन करताना सण आणि परीक्षा आधी मांडाव्यात. पालख्या शहरात येतात तेव्हाचे दोन दिवस, गणेशोत्सवाचे दहा दिवस, दिवाळीची सुट्टी, दोन घटक चाचण्या आणि दहावीची पूर्वपरीक्षा वजा केली, तर प्रात्यक्षिकासाठी हाती येणारे आठवडे पालकांना वाटतात त्यापेक्षा फार कमी असतात. दहावीची सगळी प्रात्यक्षिके डिसेंबरअखेर संपवावीत. जानेवारीत मुलांचे मन पूर्वपरीक्षेत असते आणि घाईत केलेल्या प्रात्यक्षिकातच बोट कापते.

८. आमच्याकडे स्वतंत्र कार्यशाळा नाही. एका वर्गखोलीत भागेल का?

भागेल, काही अटींवर. खोली तळमजल्यावर असावी, तिला दोन दारे असावीत किंवा निदान खिडक्या मोठ्या असाव्यात, आणि पाण्याची सोय जवळ असावी. एका वेळी वीसपेक्षा जास्त मुले हत्यारे हातात घेऊन उभी राहू नयेत. वर्ग चाळीसचा असेल, तर दोन गट करावेत, एकाने काम करावे आणि दुसऱ्याने त्याच खोलीबाहेर आराखडा, मोजमाप आणि अंदाजपत्रक करावे.

साधने घेताना चार माणसांच्या समितीने स्वतः बाजारात जावे, असा आमचा आग्रह असतो. विजेचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सामान तपकीर गल्लीत, लाकूड भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये, वाहनांचे सुटे भाग नाना पेठेत आणि किरकोळ हार्डवेअर रविवार पेठेत बोहरी आळीत पाहिले, की तयार साधनसंचाच्या सांगितलेल्या किमती वाजवी आहेत की नाहीत ते कळते. मुलांनाही सोबत न्यावे, कारण भाव विचारणे हेही शिक्षणच आहे. महागडे एक यंत्र घेण्याऐवजी रोज हाताळायची साधी साधने अधिक संख्येने घ्यावीत. दहा पकडी आणि दहा टेस्टर यांचा उपयोग कपाटात बंद राहणाऱ्या एका यंत्रापेक्षा नक्कीच अधिक होतो. प्रत्येक वस्तू डेडस्टॉक म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत त्याच आठवड्यात चढवावी.

९. प्रशिक्षक म्हणून कोणाला घ्यावे? आमचे चित्रकला शिक्षक हा तास घेऊ शकतील का?

मंडळमान्य विषयासाठी त्या विषयाची ठरवलेली पात्रता आणि कामाचा अनुभव असलेला प्रशिक्षकच हवा. चित्रकला शिक्षकांनी आराखड्याची बाजू शिकवण्यास मदत केली, तर त्याचा फार उपयोग होतो, पण त्यांच्यावर विषयाची जबाबदारी टाकू नये.

आमच्या मते कामाचा अनुभव आणि शिकवण्याची हातोटी या दोन्ही गोष्टी एका माणसात क्वचितच पूर्ण सापडतात. म्हणून नियुक्तीच्या वेळी मुलाखतीबरोबर एक तासाचा प्रत्यक्ष पाठ घ्यावा आणि त्यात उमेदवाराने मुलांच्या हातात काम दिले की स्वतःच सगळे करून दाखवले, एवढेच पाहावे. परिसरातील जुन्या कारागिरांना, म्हणजे गवंडी, शिंपी, वायरमन, माळी यांना महिन्यातून एकदा पाहुणे प्रशिक्षक म्हणून बोलवावे आणि त्यांना मानधन त्याच दिवशी द्यावे. मुलांनी त्यांना ‘काका’ किंवा ‘सर’ म्हणावे, ‘ए मिस्त्री’ म्हणू नये, हे आधी सांगावे लागते आणि ते सांगण्यात संकोच करू नये.

१०. संस्थेमार्फत आलेल्या प्रशिक्षकाचे मानधन काही महिने थकले आणि तो मध्येच सोडून गेला. आता वर्गाचे काय करावे?

बहुतेक शाळांत प्रशिक्षक शाळेच्या सेवेत नसतात, ते शासनाने नेमलेल्या प्रशिक्षण पुरवठादार संस्थेमार्फत येतात. त्यांचे मानधन थकण्याचा अनुभव अनेकांना आलेला आहे आणि त्यात प्रशिक्षकाचा दोष नसतो. मुख्याध्यापकांनी प्रत्येक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रशिक्षकाची प्रमाणित हजेरी पाठवून तिची पोच जपून ठेवावी, कारण विलंबाचे कारण म्हणून हजेरी न मिळाल्याचे सांगितले जाते.

प्रशिक्षक गेल्यावर त्याच दिवशी पुरवठादार संस्थेला आणि जिल्हा कार्यालयाला लेखी कळवावे. दरम्यानच्या काळात सिद्धान्ताचा भाग, अंदाजपत्रक आणि क्षेत्रभेटी विज्ञान किंवा अन्य विषयांच्या शिक्षकांनी पुढे न्याव्यात, मात्र यंत्रे बंद ठेवावीत. ‘मुलांना येतेच आता’ म्हणून प्रशिक्षकाविना ड्रिल सुरू करू देणे ही गंभीर चूक आहे.

११. अपघात होऊ नये म्हणून काय केले पाहिजे?

आमच्यापैकी एकाने समन्वयक म्हणून काम केलेल्या शाळेत एका मुलीच्या ओढणीचे टोक फिरत्या ड्रिलमध्ये ओढले गेले. प्रशिक्षकाने ताबडतोब मुख्य खटका बंद केला म्हणून ती वाचली. त्या दिवसापासून आम्ही सुरक्षिततेचा पाठ पहिला घेतो आणि त्यात उत्तीर्ण न झालेल्या मुलाला हत्यार देत नाही.

विजेसाठी कार्यशाळेच्या वेगळ्या वितरण पेटीत ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा खटका, बसवावे, अर्थिंगची वर्षातून एकदा तपासणी करावी आणि मुख्य खटका लाल रंगाने रंगवून मुलांच्याही हाताला येईल एवढ्या उंचीवर ठेवावा. वेल्डिंगच्या काचेत तडजोड चालणार नाही: शाळेत होणाऱ्या साध्या विद्युत वेल्डिंगसाठी १० किंवा ११ क्रमांकाची काळी काच लागते, आणि साध्या गॉगलने किंवा हात आडवा धरून डोळे वाचत नाहीत. बघ्या मुलांचे डोळेही तितकेच धोक्यात असतात, म्हणून वेल्डिंगच्या जागेभोवती पडदा हवा. ओढणी खोचलेली किंवा काढून ठेवलेली, केस बांधलेले, बाह्या दुमडलेल्या, अंगठ्या आणि कडी काढलेली, पायांत बंद बूट, ही तपासणी दारातच व्हावी. बूट घेण्याची ऐपत नसलेल्या मुलासाठी शाळेने काही जोड्या ठेवाव्यात, त्याला परत पाठवू नये.

कार्यशाळेत विजेच्या आगीवर चालणारे अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी असावी, आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा. लहानात लहान जखमही नोंदवहीत लिहावी आणि पालकांना त्याच दिवशी कळवावे. पंधरा दिवसांत तीन मुलांची बोटे एकाच करवतीने कापली, तर दोष मुलांचा नसून करवतीचा किंवा व्हाइसचा आहे, हे त्या नोंदींतूनच कळते.

१२. कच्च्या मालाचा खर्च कोठून भागवावा? मुलांनी केलेल्या वस्तू विकल्या तर चालतील का?

योजनेतून कच्च्या मालासाठी मिळणारे अनुदान कधी कधी उशिरा येते, म्हणून पहिल्या सत्राचा माल शाळेच्या निधीतून आगाऊ घ्यावा. मोडक्या बाकांचे लाकूड, जुने नळ आणि भंगारातील फॅन यांवरही पुष्कळ शिकता येते.

वस्तू विकण्यास हरकत नाही, पण ती विक्री शिक्षणासाठी आहे हे स्पष्ट असावे. हिशेब मुलांनी लिहावा, पैसे शाळेच्या खात्यात जावेत, पावती द्यावी आणि ती रक्कम कच्च्या मालावर खर्च व्हावी. विक्रीचे उद्दिष्ट ठरवून मुलांकडून तेच ते काम दिवसेंदिवस करून घेतले, तर ते शिक्षण राहत नाही. दिवाळीपूर्वी आकाशकंदील आणि उटणे करणाऱ्या शाळांनी याची विशेष काळजी घ्यावी.

१३. मुलांना कारखान्यात प्रत्यक्ष अनुभवासाठी पाठवता येते का? बालकामगार कायदा आड येतो का?

भेटीसाठी आणि निरीक्षणासाठी पाठवता येते. काम करण्यासाठी पाठवताना कायद्याच्या मर्यादा काटेकोर पाळाव्या लागतात. बाल व किशोर कामगार (प्रतिबंध व नियमन) कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही, आणि १४ ते १८ वर्षांच्या किशोरांना धोकादायक व्यवसाय व प्रक्रियांत काम देता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ नुसार १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही वैद्यकीय योग्यता प्रमाणपत्राशिवाय कारखान्यात कामावर घेता येत नव्हते आणि पंधरा वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याच्या कामाचे तास दिवसाला साडेचारपर्यंतच असत. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ खालील शिकाऊ उमेदवारीची किमान वयोमर्यादा १४ आणि धोकादायक उद्योगांत १८ वर्षे आहे.

नववीतील बरीच मुले जूनमध्ये जेमतेम १४ वर्षांची झालेली असतात, काहींची व्हायचीही असतात. म्हणून आमचा नियम सरळ आहे. नववी-दहावीत केवळ क्षेत्रभेटी आणि शिक्षकासह निरीक्षण ठेवावे, मुलांनी उत्पादनाच्या साखळीत उभे राहू नये. अकरावी-बारावीत काही दिवसांचा अनुभव देताना पालकांचे लेखी संमतिपत्र, आस्थापनेशी लेखी करार, कामाचे स्वरूप, वेळ आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे नाव या गोष्टी कागदावर असाव्यात. मुलीबरोबर दुसरी मुलगी असल्याशिवाय तिला पाठवू नये. पोक्सो कायदा २०१२ ची माहिती आस्थापनेतील त्या व्यक्तीलाही द्यावी. मुलांच्या येण्यामुळे आस्थापनेने एखादा कामगार कमी केला असे दिसले, तर तो करार तेथेच थांबवावा.

१४. एक कंपनी सीएसआर निधीतून कार्यशाळा उभी करून देऊ म्हणते. स्वीकारावे का?

स्वीकारावे, पण अटी वाचून. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि रोजगारक्षम कौशल्य शिक्षण त्या कामांच्या यादीत आहे. निधी संस्थेच्या खात्यात घ्यायचा असेल, तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. ती नसल्यास कंपनी नोंदणीकृत संस्थेमार्फत काम करू शकते.

आम्ही दोन गोष्टी करारात लिहून घ्यायला सांगतो. पहिली, निदान तीन वर्षे देखभाल आणि कच्चा माल यांचा खर्चही कंपनीने करावा, कारण यंत्र बसवणे सोपे असते आणि ते चालू ठेवणे अवघड असते. दुसरी, मुलांचे फोटो आणि नावे प्रसिद्धीसाठी वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी.

१५. मुलींना वेल्डिंग आणि मुलांना स्वयंपाक-शिवण शिकवल्यास पालक तक्रार करतात. काय सांगावे?

गट पाडताना मुली-मुले असे पाडूच नयेत, हजेरी क्रमांकाने पाडावेत. मग सगळ्यांच्या वाट्याला सगळे काम येते आणि तक्रारीचे मूळच राहत नाही. तक्रार आलीच, तर पालकांना प्रत्यक्ष तासाला बोलवावे. आपल्या मुलीने बसवलेला स्विचबोर्ड पाहून गेलेल्या आईने पुन्हा तक्रार केल्याचे आमच्या माहितीत नाही.

१६. दहावीनंतर पुढचे मार्ग कोणते? हा विषय घेतल्याने काही बंद होते का?

विषय घेतल्याने कोणताही मार्ग बंद होत नाही. कला, वाणिज्य, विज्ञान या तिन्ही शाखा खुल्या राहतात. आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर यांसारखे दोन वर्षांचे आणि वेल्डर, प्लंबर यांसारखे एक वर्षाचे व्यवसाय आहेत. पुण्यात औंधची शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था सर्वांना परिचित आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्यांना अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची संधी असते. दहावीनंतर थेट पदविकाही करता येते, पण तेथे गणित आणि विज्ञान लागते.

अकरावीसाठी दोन पर्याय पालकांना फारसे माहीत नसतात. विज्ञान शाखेतील द्विलक्षी अभ्यासक्रमात दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्स, संगणक शास्त्र किंवा इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स यांसारखा २०० गुणांचा विषय घेता येतो. पूर्वी एमसीव्हीसी या नावाने ओळखला जाणारा आणि आता एचएसव्हीसी म्हणून चालणारा अभ्यासक्रम मात्र पूर्णपणे व्यवसायाभिमुख आहे. ज्याला पुढे अभियांत्रिकी पदवी घ्यायची आहे, त्याला आम्ही द्विलक्षी सुचवतो. लवकर कमावते व्हायचे असल्यास आयटीआय अधिक उपयोगी पडतो.

१७. मुलाने दहावीत शाळा बदलली आणि नव्या शाळेत हा विषयच नाही. आता?

दहावीचा पाठ्यक्रम नववीवर आधारलेला असतो, म्हणून विषय नसलेल्या शाळेत तो एकट्याने पुढे नेता येत नाही. अशा मुलाला सोडलेली भाषा पुन्हा घ्यावी लागते आणि नववीची भाषा राहून गेल्यामुळे त्याला पहिल्या सत्रात जादा तासांची गरज पडते. मंडळाच्या परीक्षेचा अर्ज भरण्याआधी विषयातील बदल नोंदवावा. नववीच्या प्रवेशाच्या वेळी बदलीची नोकरी असलेल्या पालकांना हे आवर्जून सांगावे.

१८. दिव्यांग विद्यार्थ्याला हा विषय द्यावा का? काही प्रात्यक्षिके त्याला जमणार नाहीत.

द्यावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि त्या सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही. कर्णबधिर मुलगा शिवण किंवा सोल्डरिंग उत्तम करू शकतो, मात्र यंत्राचा आवाज त्याला ऐकू येत नसल्याने यंत्रावर दिवा बसवावा लागतो. अल्पदृष्टी असलेल्या मुलीला स्पर्शाने मोजता येतील अशा खाचांची पट्टी देता येते. एखादे प्रात्यक्षिक खरोखर धोक्याचे असेल, तर त्याऐवजी समान पातळीचे दुसरे देण्यासाठी मंडळाकडे वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करावा, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात करू नये.

१९. आमची एक विद्यार्थिनी रोज संध्याकाळी आईच्या शिवणकामात मदत करते. ते तास प्रात्यक्षिकात धरता येतील का?

हजेरीत धरता येत नाहीत, कारण प्रात्यक्षिक प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे लागते. पण तिचे कौशल्य वाया जाऊ देऊ नये. तिने घरी शिवलेले कपडे, त्यांची मापे, लागलेले कापड आणि घेतलेली शिलाई यांची वही ठेवायला तिला सांगावे आणि अंतर्गत मूल्यमापनातील प्रकल्प म्हणून ती स्वीकारावी. तिला प्राथमिक टाके पुन्हा शिकवत बसण्याऐवजी गटाची मुकादम करावे. मात्र तिचा अभ्यास, झोप किंवा शाळेतील हजेरी घरच्या कामामुळे घटत असेल, तर वर्गशिक्षकांनी आईशी बोलायला हवे. घरचे काम असले, तरी मर्यादा आहेच.

२०. शाळेतील नळ, बाके, दिवे यांची दुरुस्ती मुलांकडून करून घेतली तर पालक ‘राबवून घेता’ म्हणतात. ते बरोबर आहे का?

ते कशा प्रकारे करून घेतले जाते यावर अवलंबून आहे. मुलांनी गळणारा नळ शोधला, त्यातून दिवसाला किती पाणी वाया जाते ते बादली ठेवून मोजले, वॉशर आणून बदलला, खर्च लिहिला आणि मुख्याध्यापकांसमोर अहवाल मांडला, तर तो संपूर्ण पाठ झाला. तेच काम पाचव्यांदा, केवळ प्लंबरचे पैसे वाचावेत म्हणून, त्याच दोन मुलांकडून तास बुडवून करून घेतले, तर पालकांची तक्रार योग्य आहे. शिक्षकांच्या किंवा संस्थाचालकांच्या घरची कामे मुलांकडून कधीही करून घेऊ नयेत, मुलांनी आनंदाने होकार दिला तरीही. उंचीवरची आणि चालू विजेची कामे मुलांना कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत. बाकीच्या दुरुस्त्यांसाठी आम्ही एक तक्ता सुचवतो. त्यावर दुरुस्तीची तारीख, काम करणाऱ्या मुलांची नावे आणि त्यांनी त्या कामातून पहिल्यांदा काय शिकले ते लिहावे. तिसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखे काही उरले नाही, की ते काम मुलांकडून काढून घ्यावे आणि प्लंबरला बोलवावे.